न, ण आणि आपलं हसणं

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. छत्रपती संभाजीनगरमध्ये (आमच्यापैकी अनेकींच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) वस्त्यांमधल्या कार्यकर्त्यांची तिमाही बैठक होती. सतरंज्या अंथरलेल्या, चहा झालेला, एकेक जण आपल्या वस्तीचा अहवाल वाचत होती. मुकुंदवाडीकडच्या एका वस्तीतली आमची मैत्रीण पहिल्यांदाच लिहून आणलेला अहवाल वाचायला उभी राहिली. वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. एका बाईला नवऱ्याने पुन्हा घरात घेतलं नाही, त्याबद्दल वाचताना ती म्हणाली, "तिचं बोलणं ऐकून माझं मण भरून आलं."

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका पटकन बोलून गेल्या, "मण भरलं? म्हणजे चाळीस शेर झाले की गं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. कोटी चांगलीच होती, नाही कशाला म्हणू? वाचणारीही हसली. मग म्हणाली, "बाकीचं असंच आहे," आणि वही मिटून खाली बसली. पुढचीने वाचायला सुरुवात केली. बैठक वेळेत संपली याचा आम्हाला आनंदच झाला.

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा त्या वस्तीतली नववी झालेली एक मुलगी शाळेत आली नाही. चौकशी केली तर कळलं, मे महिन्यात तिचं लग्न झालं. मी आमच्या मैत्रिणीला जरा रागावूनच विचारलं, "तुला माहीत नव्हतं का?" तिने काही न बोलता तीच वही काढून दाखवली. दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला, खालून तिसरी ओळ: "आमच्या गल्लीत एका पोरीचं उन्हाळ्यात लगीन ठरलं आहे. तिचं वय कमी आहे. काय करावे."

फेब्रुवारी ते मे. तीन महिने हाताशी होते. १०९८ वर फोन करता आला असता, आईबापांशी बोलता आलं असतं, शाळेतल्या बाईंना सोबत घेता आलं असतं. यातलं काहीच झालं नाही, कारण आम्ही एका 'ण'वर हसलो होतो.

एका कोटीमुळे लग्न झालं असं म्हणणं सोपं होईल. लग्न गरिबीमुळे, भीतीमुळे, 'पोरगी हाताबाहेर जाईल' या धास्तीमुळे झालं. पण ते थांबवण्याचं एक दार आमच्या हातात होतं. ते आम्ही हसत हसत लावून घेतलं, हेही खरं आहे. म्हणून हा लेख. त्या शिक्षिकाबाईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे. माझा दोष त्यांच्यापेक्षा कमी नाही, ते पुढे येईलच.

'ण' आला कुठून?

नंतर मी विचार करू लागले, की ती 'मण' का म्हणाली असेल? तिच्या घरात, गल्लीत 'पानी', 'आनि', 'कोन' असंच बोलतात. मराठीच्या अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. शेजारच्या हिंदीत 'पानी' हाच शुद्ध शब्द आहे, तिथे कुणी त्याला हसत नाही. म्हणजे दोष 'न'मध्ये नाही. तो 'न' कुणाच्या तोंडून येतो, यावरून आपण हसायचं की नाही ते ठरवतो.

आमची मैत्रीण शाळेत असताना 'आनि' म्हणाली म्हणून तिला बाकावर उभं केलं होतं. तिने धडा घेतला: शहाण्या माणसांत बोलायचं तर 'ण' वापरायचा. मग जिथे हवा तिथेही 'ण', जिथे नको तिथेही 'ण'. 'मन'चं 'मण' झालं, 'अनुभव'चं 'अणुभव' झालं. हे अडाणीपण नाही. आपल्यात सामावून जायची ती धडपड आहे. आधी 'न'ला हसून आपण तिला 'ण'कडे ढकलतो आणि मग त्या 'ण'ला हसतो. बाईने बोलायचं तरी कसं?

आता ज्याला आपण शुद्ध म्हणतो, ते तरी किती जुनं आहे ते पाहू. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये आणखी चार जोडले. सरकारने ते मान्य केले, पाठ्यपुस्तकांत ते आले. त्याआधी शब्दांवर जे न उच्चारले जाणारे अनुस्वार द्यावे लागत, ते गेले. ज्या पोरींनी ते अनुस्वार घोकून मार्क मिळवले होते, त्यांचं शुद्ध एका ठरावाने अशुद्ध झालं. आमच्या मराठवाड्याचं तर वेगळंच. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. 'दरखास्त', 'जबाब', 'फिर्याद' हे शब्द आमच्या आज्यांना सहज येत, पण पुण्याच्या मासिकातली मराठी परकी वाटे. वली दख्खनीच्या या शहरात आजही वस्तीतल्या मुसलमान मैत्रिणी दख्खनीच्या वळणाने मराठी बोलतात. त्यांच्या लिंगवचनाच्या चुका काढायच्या, तर बैठकीत त्या कधी तोंडच उघडणार नाहीत. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' असं म्हणतात. पुण्यामुंबईच्या शिबिरात त्यावरून त्यांची थट्टा झालेली मी ऐकली आहे. स्वतःसाठी 'आलो' म्हणणाऱ्या बाईला बाईपण शिकवायला आपण निघतो, आणि तेही स्त्रीमुक्तीच्या शिबिरात!

ही चाल जुनी आहे

माणसाचं म्हणणं खोडता आलं नाही की त्याचं व्याकरण खोडायचं, ही चाल महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या गुलामीबद्दल लिहिलं, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. निबंधमालेतली मराठी घोटीव होती यात शंका नाही. पण दीडशे वर्षांनंतर आपण विचारतो, की मुद्द्याचं काय? मुद्द्याला उत्तर मिळालं का?

फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्या पुस्तकाची भाषा घरात, अंगणात भांडणाऱ्या बाईची आहे, म्हणूनच ती अजून झोंबते. आणि शांताबाई कांबळे यांच्या आत्मचरित्राचं नावच बघा: 'माज्या जल्माची चित्तरकथा'. १९८६ मध्ये हे पुस्तक आलं. या नावाला लाल शाई लावून 'माझ्या जन्माची चित्रकथा' केलं असतं, तर काय उरलं असतं? लहान मुलांचं रंगीत पुस्तक!

आमच्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' निघत होतं. दलित लेखक-लेखिकांच्या एका पिढीला तिथे जागा मिळाली. वाड्यावस्त्यांची भाषा छापण्याजोगी आहे, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. हा आपला वारसा आहे. तो सांगायचा आणि बैठकीत मात्र 'मण'वर हसायचं, हे जुळत नाही.

मग शब्दांशी खेळायचंच नाही का?

असं म्हणणारी मी नाही. शब्दांशी खेळ ही तर बायकांची जुनी मिरास आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असा दंडक घातला, तर बायकांनी उखाणा काढला. नाव घेतलंही आणि घेतलं नाहीही! आजही फॉर्म भरताना 'पतीचे नाव' आलं की काही जणी शेजारणीकडे बघतात, ती सांगते, मग या मान हलवतात. तीच बाई हळदीकुंकवाला असा उखाणा घेते की सासूचीही वाचा बसते. जात्यावर बसून बायकांनी सासर, माहेर, बाप, भाऊ, देव, सगळ्यांचा हिशेब मांडला. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींना पाटीवर 'ग' काढता येत नव्हता. पण यमक कुठे चुकलं नाही.

म्हणजे कोटी वाईट नाही. प्रश्न आहे तो ती कुठल्या दिशेने जाते याचा. खालून वर गेली की ती हत्यार होते, वरून खाली आली की ती काठी होते.

२००७ मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती'चं आता काय करायचं यावर विनोदांचा पाऊस पडला होता. 'पती' म्हणजे स्वामी, हा शब्द बाईला लागायचा नाही असं गृहीतच धरलेलं. पुढे २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू त्या पदावर आल्या आणि काँग्रेसच्या एका नेत्याने 'राष्ट्रपत्नी' म्हटलं. जीभ घसरली म्हणून त्यांनी माफी मागितली. जीभ घसरते, पण ती जिथे उतार असेल तिकडेच घसरते. गावात याच्या उलट. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना तेहतीस टक्के जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून पन्नास टक्के. बाई सरपंच झाली आणि लगेच नवा शब्द आला: 'सरपंचपती'. हा शब्द कुठल्या कोशात नव्हता. पण तो खुर्चीवर बसतो, सह्या करतो, ग्रामसभा चालवतो. त्याचं व्याकरण मात्र कुणी तपासत नाही.

शब्दाचा कीस आपणही काढतो

इथे एक मैत्रीण विचारेल, की आपणही शब्दांवर अडून बसतोच ना? बसतो. आणि बसलंच पाहिजे.

मथुरा खटला आठवा. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भात, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने निष्क्रियपणे शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक केला आणि पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राचा कणा एका शब्दभेदाचा होता: संमतीत शरण जाणं असतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही. या फरकासाठी देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शब्दाचा कीस काढून एवढं मोठं काम झालं.

आमच्या विद्यापीठाचंच घ्या. १९७८ पासून नामांतरासाठी माणसं लढली, मेली, वस्त्या जळल्या. १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव झालं, तेव्हा 'नामांतर' की 'नामविस्तार' यावर वाद झाला. बाहेरच्याला वाटेल, केवढासा फरक! इथल्यांना ठाऊक होतं, त्या दोन शब्दांमध्ये सोळा वर्षं होती.

आणि २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणायचा विचार मांडला, तेव्हा आपण विरोध केलाच की. शब्द नदीचा केला म्हणून कपाळावरची खूण जाते का? त्याआधी वर्षभर, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथाच बंद करण्याचा ठराव केला होता. त्यांनी शब्दाला रंग दिला नाही, प्रथेला हात घातला.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. शब्द दुरुस्त केल्यावर बाई आणखी बोलती झाली, तर ती दुरुस्ती चळवळीची. ती गप्प बसली, तर ती दुरुस्ती सत्तेची, मग करणारी आपली मैत्रीण असली तरी.

माझी लाल शाई

आता माझ्या दोषाबद्दल.

चार वर्षांपूर्वी पैठण तालुक्यातली एक ताई आमच्याकडे आली. तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं: "त्यानं मला चुलीपासून ओढत नेलं अन् दाराबाहेर लोटून देलं. पोरगं आतच ऱ्हायलं. आतून कडी लावली."

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करायचा होता. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, नीट मसुदा करायची हौस. मी लिहिलं: "गैरअर्जदार यांच्या राहत्या घरातून मला बेदखल करण्यात आले असून माझा वारंवार शारीरिक व मानसिक छळ करण्यात आला आहे." पोराचा उल्लेख 'तसेच' म्हणून चौथ्या परिच्छेदात गेला. मला तो अर्ज फार आवडला होता.

सुनावणीत समोरच्या वकिलांनी तिला विचारलं, "बेदखल म्हणजे काय?" ती म्हणाली, "माहीत नाही साहेब." "वारंवार म्हणजे किती वेळा?" ती माझ्याकडे बघू लागली. "अर्ज तुम्ही लिहिला का?" "ताईनं लिहिला." मागच्या बाकांवर हसू पिकलं. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण तिचं खरं तिच्याच अर्जात तिला सापडत नव्हतं.

रात्री घरी जाऊन मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिच्या वाक्यात ओढणारा होता, लोटणारा होता, कडी लावणारा होता. माझ्या वाक्यात कुणीच नव्हतं. 'करण्यात आले.' कुणी केलं? शाळेत शिकवतात, वाक्यात क्रिया करणारा तो कर्ता. घरातल्या मुख्य पुरुषालाही आपण कर्ताच म्हणतो. तो कर्ता पुरुष माझ्या शुद्ध वाक्यातून अलगद निसटून गेला होता, आणि वाट मी करून दिली होती. चूल, दार, कडी, पोरगं, ज्यावरून उलटतपासणीत ती ठाम उभी राहिली असती, ते सगळं मी अशुद्ध म्हणून झाडून टाकलं होतं. मुलाच्या तात्पुरत्या ताब्याची मागणी अर्जाच्या पहिल्या ओळीत यायला हवी होती. ती तळाशी गेली. पोराची भेट व्हायला तिला पुढे चार महिने लागले.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला प्रोसेस रेकॉर्डिंग शिकवलं होतं: बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहा, तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क होते.

आता काय करतो

त्यानंतर, आणि विशेषतः 'मण'च्या प्रसंगानंतर, आम्ही काही गोष्टी ठरवल्या. बाईचं म्हणणं आधी तिच्या शब्दांत उतरवायचं आणि तिला वाचून दाखवायचं. ती "हां, असंच झालं" म्हणाली की मगच पुढे जायचं. अर्जात कायद्याची भाषा लागतेच, ती तिच्या वाक्यांनंतर लिहायची आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ तिला सांगायचा. बैठकीत कुणी वाचत असताना भाषेबद्दल बोलायचं नाही. अहवाल छापायचा असेल तर दुरुस्ती नंतर, तिला शेजारी बसवून. आणि कुणी वाचता वाचता मध्येच बसली, तर "बाकीचं काय?" हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काही जणी म्हणतात, मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायची, जरूर शिकवायची. आमच्या पोरींना स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, बँकेत अर्ज लिहायचे आहेत. 'बोली गोड आहे' म्हणून त्यांना तिथेच ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची चलाखी आहे. जिला ही भाषा हवी तिला ती मिळालीच पाहिजे, सायकल शिकवतो तशी. पण सायकल येत नाही म्हणून आपण कुणाला रस्त्यावरून हाकलत नाही. त्या शिक्षिकाबाई आता शनिवारी दुपारी पाच जणींना लिहायला शिकवतात. पहिल्या दिवशीच त्यांनी त्या मैत्रिणीची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, "त्यात काय बाई, मी पण हसले होते."

पण ती त्या पाच जणींत नाही. बैठकीला येते, मागे बसते, सतरंज्या घड्या घालायला मदत करते. त्यानंतर तिने लिहून आणलेला अहवाल वाचलेला नाही. विचारलं तर म्हणते, "तुम्हीच लिहा ताई, तुमचं शुद्ध असतं."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी कुणी मागे बसते का, ते एकदा बघा. कधीपासून गप्प आहे, ते आठवा. आणि तिच्या वहीच्या मागच्या पानावर काय लिहिलं आहे ते वाचा, मग आम्हालाही कळवा.